चेहरा कुणी द्यायचा?

ओल्या मातीचा एक लहानसा गोळा, आणि बारीक सुरीनं तो तासणारे हात. आधी खांदे निघतात, मग मान, मग नाकाची धार. आकृती वीतभरही नाही. तिच्यावर ब्रश फिरतो. अंगात पांढरा सूट येतो, गळ्यात काळा टाय येतो. ही बाहुली म्हणजे रिथी पान या कंबोडियन दिग्दर्शकाचे वडील. शिक्षण खात्यात काम केलेले सुशिक्षित गृहस्थ. ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राज्यात माणसाला शोभणार नाही असलं अन्न खायचं नाही, असं ठरवून ते उपाशी राहिले आणि गेले. 'द मिसिंग पिक्चर' या २०१३ च्या चित्रपटात ते असे मातीतून परत येतात.

या चित्रपटातली एकही बाहुली हलत नाही. कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो, आवाज येतात, प्रकाश बदलतो, पण बाहुल्या जिथल्या तिथे उभ्या. त्यामुळे व्याख्येला धरून चालणारे याला अ‍ॅनिमेशन म्हणणार नाहीत. तरीही राजकीय दडपशाहीवरचा चित्रपट नटांकडून करून घ्यावा की चित्रा-बाहुल्यांकडून, या प्रश्नाला भिडायचं तर सुरुवात पानपासूनच करावी लागते. हा प्रश्न त्याच्या वाट्याला दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याचं उत्तर वेगळं निघालं.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या फौजा नॉमपेन्ह शहरात शिरल्या आणि त्यांनी अख्खं शहर रिकामं केलं. पान तेव्हा पोरसवदा होता. पुढच्या चार वर्षांहूनही कमी काळात उपासमार, सक्तमजुरी, रोगराई आणि सरळसरळ हत्या यांत सतरा ते वीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. या काळाची चित्रं अजिबात नाहीत असं नाही. शेतात ओळीनं मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांची प्रचारफीत आहे. तुओल स्लेंग, म्हणजे एस-२१ या छळकेंद्रात आणलेल्या कैद्यांचे फोटो आहेत. छातीवर क्रमांक, नजर थेट कॅमेऱ्यात. पण ही सगळी चित्रं मारणाऱ्यांनी काढलेली आहेत. मरणाऱ्याच्या बाजूनं कॅमेरा नव्हताच. पानच्या आईचं आजारपण, भावंडांची भूक, वडिलांनी ताट बाजूला सारलं तो क्षण, यांतलं काहीही कुणी टिपलेलं नाही. मग ते दाखवायचं कसं? कुणा नटाला उपाशी ठेवून, गालफडं बसवून? पाननं माती घेतली. त्याच भाताच्या देशाची माती.

त्याच्या दहा वर्षं आधी, २००३ मध्ये, याच पाननं 'एस-२१' हा माहितीपट केला होता. त्यात बाहुली नाही, रेखाटन नाही. एस-२१ मधून जिवंत सुटलेल्या मोजक्या लोकांपैकी एक, चित्रकार व्हान नाथ, आणि तिथले जुने पहारेकरी यांना पाननं त्याच इमारतीत समोरासमोर आणलं. ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याची चित्रं रंगवून घ्यायची होती म्हणून व्हान नाथला जिवंत ठेवलं गेलं होतं. या माहितीपटातला एक प्रसंग बघितल्यावर पुष्कळ दिवस डोक्यातून जात नाही. एक पहारेकरी, आता मध्यमवयाकडे झुकलेला, आपली रात्रपाळी कशी असायची ते करून दाखवतो. खोली रिकामी आहे. तो दाराची कडी काढतो, आत शिरतो, नसलेल्या कैद्यांवर ओरडतो, एकाला उठवतो, दुसऱ्याला पाणी देतो, बाहेर येतो, कडी लावतो. पुन्हा आत जातो. आवाजात तीच जरब. पंचवीस वर्षांनंतरही त्या देहाला सगळं पाठ आहे. कॅमेरा त्याच्या मागून आत जात नाही, बाहेरच थांबतो; आत शिरलं तर जमिनीवर पडलेल्यांच्या अंगावर पाय पडेल, अशा बेतानं.

हे काम कुठल्याही चित्राला जमलं नसतं. पहारेकऱ्याचा तो देह हाच पुरावा आहे, आणि पुरावा रेखाटून चालत नाही. उलट वडिलांच्या बाबतीत पुराव्याचा प्रश्नच नव्हता. तिथे हवा होता एक चेहरा, जो कुणाकडेच उरला नव्हता. अ‍ॅनिमेशन विरुद्ध लाइव्ह अ‍ॅक्शन हा वाद बहुतेक वेळा 'जास्त खरं काय वाटतं' या मुद्द्यावर घातला जातो. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. दडपशाहीच्या चित्रपटात पहिला प्रश्न चेहऱ्याचा असतो. कॅमेऱ्यासमोर कुणाला तरी आपला चेहरा द्यावा लागतो. तो कोण देणार, कुणाचा देणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, यावरून पुढचं सगळं ठरतं.

डेन्मार्कचा योनास पोहेर रासमुसेन आणि त्याचा अफगाण मित्र शाळेपासूनचे दोस्त. मित्र किशोरवयात एकटाच डेन्मार्कला पोचला होता. घरचे कुठायत, हे तो कुणालाच खरं सांगत नसे, कारण त्याला देशात आणणाऱ्या दलालांनी एक गोष्ट पढवली होती आणि ती मोडली तर आश्रय जाईल ही भीती त्याच्या मनात घर करून होती. वीसेक वर्षांनी तो बोलायला तयार झाला, पण नाव आणि चेहरा झाकून. त्यातून २०२१ चा 'फ्ली' झाला. चित्रपटात त्याचं नाव अमीन. रासमुसेन मूळचा रेडिओवाला. रेडिओत वापरायची एक जुनी रीत त्यानं इथं वापरली. अमीनला आडवं झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, आत्ता काय दिसतंय? मग काबूलच्या गल्लीतून बहिणीचा झगा घालून, कानाला वॉकमन लावून धावणारा पोरगा दिसायला लागतो. रेषा स्वच्छ, रंग उबदार. वडिलांना कम्युनिस्ट राजवटीनं उचलून नेलं इथपर्यंत गोष्ट आली की रंग जातात. कोळशानं घाईघाईत फरफटल्यासारखे आकार उरतात, माणसांना डोळे-नाक राहत नाही. स्मृती जिथे फाटलेली तिथे चित्रही फाटलेलं. एकाच वर्षी ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तीनही विभागांत नामांकन मिळालेला हा पहिला चित्रपट. पुरस्काराहून मोठी गोष्ट मला ही वाटते की चित्रपट जगभर पोचला आणि तो माणूस बाजारात भाजी घ्यायला जाऊ शकतो.

चित्र माणसाला असं पांघरूण घालतं. म्हणून चित्र निरुपद्रवी असतं असं मात्र कुणी समजू नये. मार्जान सत्रापी आणि व्हँसाँ पारोनो यांचा 'पर्सेपोलिस' २००७ मध्ये कान महोत्सवात ज्यूरी पारितोषिक घेऊन आला. काळ्या-पांढऱ्या सपाट रेषांतली तेहरानमधली एक मुलगी, तिचा फाशी गेलेला काका, त्यानं तुरुंगात पावाच्या गोळ्यातून घडवलेला हंस. हीच गोष्ट नटांना घेऊन केली असती तर ती दूरदेशच्या, आपल्यासारख्या न दिसणाऱ्या लोकांची गोष्ट होऊन बसली असती, असं सत्रापीचं म्हणणं. रेषेला वंश नसतो. पुण्याच्या प्रेक्षकालाही ती मुलगी आपल्या वाड्यातली वाटते. इराणी सरकारला हे बरोबर कळलं. त्यांनी फ्रान्सकडे निषेध नोंदवला, बँकॉकच्या महोत्सवातून चित्रपट काढायला लावला.

पण खरी आग लागली ट्युनिशियात. हुकूमशहा बेन अलीची राजवट उलथून काही महिनेच झाले होते, पहिली मोकळी निवडणूक पंधरवड्यावर आली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये नेस्मा या खासगी वाहिनीनं 'पर्सेपोलिस' स्थानिक बोलीत डब करून दाखवला. त्यात लहानगी मार्जान देवाशी बोलते आणि देव पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यासारखा दिसतो, असा काही क्षणांचा प्रसंग आहे. त्यावरून वाहिनीच्या कचेरीवर जमाव चालून गेला, मालकाच्या घरावर पेटते बोळे पडले. नबील करुई या मालकावर खटला चालला आणि ३ मे २०१२ ला, म्हणजे जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनी, न्यायालयानं त्याला २,४०० दिनारांचा दंड ठोठावला. हुकूमशहा गेल्यावर मोकळ्या झालेल्या देशात पहिला मोठा गदारोळ व्हावा तो एका रेखाटलेल्या म्हाताऱ्यावरून!

एक फरक तरीही उरतो. 'पर्सेपोलिस' पॅरिसमध्ये रेखाटला गेला. चित्रं काढणाऱ्यांच्या दारावर रात्री कुणी थाप मारली नाही. दडपशाहीवरचे गाजलेले अ‍ॅनिमेशनपट पाहिले तर त्यांतले बहुतेक परदेशी भूमीवर, युरोपीय निधीवर, घटनेनंतर दहा-वीस-तीस वर्षांनी तयार झालेले दिसतील. एका सेकंदाला बारा चित्रं धरली तरी दीड तासाला चौसष्ट हजारांच्या वर चित्रं लागतात. ती काढायला माणसं लागतात, वर्षं लागतात, डोक्यावर शाबूत छप्पर लागतं. निर्वासिताच्या हाताला हा प्रकार बरोबर बसतो, कारण त्याच्याकडे देश नसतो, पण वेळ आणि आठवण असते. आत राहून, आज, आत्ता, डोक्यावर तलवार असताना चित्रपट करणाऱ्याच्या हाताशी मात्र फोनच असतो, फार तर एक लहान कॅमेरा.

इराणच्या आतल्या दिग्दर्शकांकडे बघा. २०१० मध्ये जाफर पनाहीला सहा वर्षं तुरुंग आणि वीस वर्षं चित्रपटबंदी अशी शिक्षा झाली. त्यानं घरात बसून चित्रपट केला, टॅक्सी चालवत चित्रपट केला. २०२५ मध्ये त्याच्या ज्या चित्रपटाला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तो 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट' परवानगीशिवाय चित्रित झालेला. त्याची कल्पनाच चेहऱ्याभोवती फिरते. एका मेकॅनिकच्या गॅरेजपाशी रात्री एक माणूस येतो. त्याच्या नकली पायाची करकर ऐकून मेकॅनिकच्या अंगावर काटा येतो. तुरुंगात आपला छळ करणारा तो हाच. पण खात्री कशी करणार? तिथे डोळ्यांवर कायम पट्टी होती. तो मग बाकीच्या जुन्या कैद्यांना गाठतो. कुणाला त्याचा वास ओळखीचा, कुणाला पायाचा स्पर्श. चेहरा एकालाही माहीत नाही. आणि ही गोष्ट सांगायला तेहरानच्या रस्त्यावर, डोक्याला ओढणी न घेता, आपले खरे चेहरे घेऊन नट-नटी उभे राहिले. ज्या राजवटीनं कैद्यांपासून स्वतःचा चेहरा लपवला तिच्यापुढे हे लोक उघड्या चेहऱ्यानं आले, हा त्या चित्रपटाचा निम्मा अर्थ आहे. तो रेखाटला असता तर गोष्ट तीच राहिली असती, पण हा अर्थ उरला नसता.

मोहम्मद रसुलोफच्या 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' (२०२४) मधला एक प्रसंग मी इथं सविस्तर सांगणार आहे. २०२२ चा काळ. पोलिसांच्या ताब्यात असताना महसा अमिनीचा मृत्यू झाल्यावर रस्ते पेटले आहेत. बाप न्यायव्यवस्थेत तपास न्यायाधीश. घरात बायको आणि दोन मुली. थोरल्या मुलीची मैत्रीण छर्ऱ्यांनी चाळण झालेला चेहरा घेऊन घरी येते. आई सरकारच्या बाजूची, नवऱ्याच्या बढतीची काळजी असलेली बाई. ती चिमटा घेऊन बसते आणि त्या मुलीच्या गालातून, पापणीजवळून एकेक छर्रा उपसायला लागते. कॅमेरा अगदी जवळ. छर्रा निघतो, भांड्यात पडून वाजतो, पुन्हा चिमटा. आई एक शब्द बोलत नाही. घाई नाही, संगीताचा मारा नाही. चार-दोन छर्ऱ्यांनंतर आपलीच कातडी ताणली जाऊ लागते. खऱ्या चेहऱ्याला, खऱ्या पापणीच्या थरथरीला पर्याय नाही, हे मला या प्रसंगानं जितकं पटवलं तितकं कुठल्या समीक्षेनं पटवलं नव्हतं. याच चित्रपटात दोघी बहिणी फोनवर जे बघतात ते त्या वर्षीच्या आंदोलनाचं खरंखुरं चित्रण आहे, उभ्या फ्रेममधलं, हललेलं, अनोळखी हातांनी काढलेलं. कथेतला चेहरा आणि रस्त्यावरचा चेहरा एकमेकांना लागून ठेवलेत.

किंमतही तशीच मोजावी लागली. आठ वर्षांच्या तुरुंगाची आणि फटक्यांची शिक्षा झाल्यावर रसुलोफ डोंगर तुडवत देशाबाहेर पडला. आईचं काम करणारी सोहेला गोलेस्तानी आणि बापाचं काम करणारा मिसाग झारे यांना देश सोडता आला नाही. कानच्या लाल गालिच्यावर रसुलोफनं त्या दोघांचे फोटो हातात उंच धरले होते.

कॅमेरा धरणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे चिलीइतकं कुठल्याच देशानं स्पष्ट सांगितलेलं नाही. २९ जून १९७३ ला सांतियागोत बंडाचा पहिला, फसलेला प्रयत्न झाला. लिओनार्दो हेन्रिक्सेन हा अर्जेंटिनी कॅमेरामन रस्त्यावर चित्रण करत होता. एक सैनिक त्याच्याकडे बंदूक रोखतो, गोळी झाडतो, चौकट कलंडते. स्वतःचा मृत्यू त्यानं टिपला. ही फीत पात्रिसियो गुस्मानच्या 'बॅटल ऑफ चिली'त आहे. सप्टेंबरात लष्करप्रमुख पिनोशेचं बंड यशस्वी झालं. गुस्मानला स्टेडियममध्ये डांबलं. चित्रित केलेली रिळं स्वीडिश वकिलातीच्या मदतीनं देशाबाहेर गेली आणि त्यांचा चित्रपट क्यूबात जुळला. तो ज्यानं टिपला तो तरुण छायाचित्रकार होर्हे म्यूलर सिल्वा आणि त्याची सहचरी, अभिनेत्री कार्मेन ब्वेनो यांना नोव्हेंबर १९७४ मध्ये पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी उचललं. ते परत आले नाहीत. २९ नोव्हेंबर हा चिलीत चित्रपट दिन म्हणून पाळतात, तो या दोघांच्या आठवणीत.

त्याच चिलीनं चार दशकांनी एक अस्वल पाठवलं. गाब्रिएल ओसोरिओचा 'बेअर स्टोरी' जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा. एक म्हातारं अस्वल रस्त्यावर चावीचा खेळ घेऊन उभं राहतं. नाणं टाकलं की खोक्यातली पत्र्याची अस्वलं हलू लागतात. सर्कसवाले दंडुके घेऊन येतात, बाप अस्वलाला उचलून नेतात; तो पळून घरी येतो तेव्हा घरात कुणी नसतं. ओसोरिओचे आजोबा बंडानंतर तुरुंगात होते आणि पुढे इंग्लंडमध्ये विजनवासात गेले. नातवाचं बालपण त्यांच्या गैरहजेरीत गेलं. २०१६ मध्ये या लघुपटानं चिलीला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. पिनोशेचं नाव त्यात कुठेही नाही. म्यूलरची रिळं नसती तर या अस्वलाकडे जग इतक्या समजुतीनं बघू शकलं असतं का, असं मला राहून राहून वाटतं. आधी कुणीतरी जीव घालून टिपतं, मग नातवंडं चित्र काढू शकतात.

निर्वासितांचा आणि नातवंडांचा हा नियम एका माणसानं साफ मोडला, तो म्हणजे प्रागचा यिरी त्रिंका. बाहुलीपटांचा हा उस्ताद सरकारी स्टुडिओत, सरकारी पैशानं काम करत होता. १९६५ मध्ये, आपल्या अखेरच्या चित्रपटात, त्यानं आपल्याच पोशिंद्याला समोर उभं केलं. 'द हँड' अठरा मिनिटांचा आहे, आणि त्यात एक संवाद नाही. एका खोलीत विदूषकाच्या वेशातला एक छोटा कुंभार राहतो. त्याच्याकडे एक गुलाबाचं रोप आहे. त्याच्यासाठी तो चाकावर कुंड्या घडवतो. दारातून एक प्रचंड हात आत येतो. हाताचा हट्ट एकच, माझा पुतळा घडव. कुंभार नको म्हणतो, हात त्याच्या कुंड्या चिरडून मातीचा हात करून ठेवतो. हात फोनवरून येतो, टीव्हीतून येतो, पैसे देतो, लाडीगोडी लावतो, झालरीचा हातमोजा घालून मोहात पाडतो. शेवटी तो कुंभाराच्या अंगाला दोऱ्या बांधतो आणि सोन्याच्या पिंजऱ्यात बसवून भला मोठा दगडी हात कोरून घेतो. छातीवर पदकं, डोक्यावर पानांचा मुकुट.

या चित्रपटातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की कुंभार लाकडी बाहुली आहे आणि हात हाडामांसाचा, खरा मानवी हात आहे. अ‍ॅनिमेशन आणि लाइव्ह अ‍ॅक्शन इथं एकाच खोलीत समोरासमोर उभे आहेत. सत्तेकडे मांस आहे, नखं आहेत, वजन आहे. कलावंताकडे एक रंगवलेला, कधीही न बदलणारा चेहरा. त्रिंकाच्या बाहुल्यांचे चेहरे स्थिर असत. मान किती वळते आणि प्रकाश कुठून पडतो एवढ्यावर भाव बदलायचा. त्या स्थिर चेहऱ्यावर भीती दिसते, लाज दिसते, एकदा तर पदकांचा मोहही दिसून जातो. कुंभार पिंजरा फोडून घरी पळतो, दारं-खिडक्या खिळे ठोकून बंद करतो, आणि कपाटावर सुरक्षित म्हणून ठेवलेली त्याचीच कुंडी डोक्यात पडून मरतो. मग हात येतो आणि त्याला सन्मानानं, पदकांसकट, सरकारी इतमामात निरोप देतो. त्रिंका १९६९ च्या डिसेंबरात गेला. त्यालाही मोठ्या इतमामात निरोप दिला गेला. त्यानंतर 'द हँड'च्या प्रती जप्त झाल्या आणि जवळपास वीस वर्षं तो चेकोस्लोव्हाकियात दाखवता आला नाही.

अ‍ॅनिमेशन सत्तेच्या विरोधातच उभं राहतं असंही नाही. हॅलस आणि बॅचलर यांच्या १९५४ च्या 'अ‍ॅनिमल फार्म'मागे अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा होता, हे आता जगजाहीर आहे. ऑर्वेलच्या पुस्तकात शेवटी डुक्कर कोणता आणि माणूस कोणता ते ओळखू येत नाही. चित्रपटात बाकीचे प्राणी डुकरांवर चालून जातात. शेवट बदलून दिला गेला. चित्राला चेहरा नसतो, म्हणून त्याला कुठलाही चेहरा डकवताही येतो.

आणि आता तो चित्रपट, ज्याच्याबद्दल माझं मन आजही एका बाजूला पडत नाही. आरी फोलमनचा 'वॉल्ट्झ विथ बशीर', २००८. १९८२ च्या सप्टेंबरात बैरुतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत लेबनॉनच्या फालांजिस्ट टोळ्यांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली, तेव्हा इस्रायली सैन्य बाहेर वेढा घालून उभं होतं, रात्रीच्या आकाशात प्रकाशगोळे सोडत होतं. फोलमन तेव्हा तरुण सैनिक होता आणि त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. जुन्या सोबत्यांना भेटत तो ती पोकळी भरत जातो. सव्वीस पिसाळलेल्या कुत्र्यांच्या स्वप्नानं सुरू झालेला हा चित्रपट पिवळ्या-काळ्या रंगांत इतका देखणा आहे की त्या देखणेपणाचीच धास्ती वाटते. शेवटी छावणीतून रडत येणाऱ्या बायका दिसतात, आणि एका क्षणात रेखाटन संपतं. तिथून पुढे त्या दिवसाचं खरं चित्रण. खऱ्या बायका, खरे मृतदेह.

अनेकांना हा शेवट थोर वाटतो. फोलमननं आपल्याच चित्रांवर विश्वास ठेवायचं नाकारलं आणि प्रेक्षकाला सुटायला जागा ठेवली नाही, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण तोवर सव्वा तासाहून अधिक वेळ आपण इस्रायली सैनिकांच्या मनात राहिलेलो असतो. त्यांना चित्रकाराच्या हातून नावं मिळाली, स्वप्नं मिळाली. पॅलेस्टिनी बाईला मात्र ना नाव ना स्वप्न. तिला मिळाला वृत्तचित्रणातला आक्रोश. ज्याचा छळ झाला त्याला आतलं जग नाकारून केवळ पुरावा म्हणून उभं करणं मला सलतं. पाननं आपल्या वडिलांसाठी जे केलं, त्याच्या हे नेमकं उलट आहे.

मराठी वाचकाला आता आपल्याकडचं आठवेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या नाचवल्या होत्या, म्हणजे चित्राला जीव देण्याची कला आपल्याकडे नवी नाही. पण स्वातंत्र्यानंतर ती वाढली ती सरकारच्या घरात. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजननं १९५६ मध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्सना बोलावून कार्टून विभाग उभा केला; जी. के. गोखले, राम मोहन, प्रमोद पती अशी अस्सल माणसं तिथे घडली. विजया मुळे आणि भीमसेन यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' ज्यानं दूरदर्शनवर पाहिला नाही असं माणूस त्या पिढीत शोधून सापडणार नाही. सुंदर काम आहे. मात्र कुटुंबनियोजन, साक्षरता, एकता या विषयांच्या पलीकडे सरकारी टेबलावर रेष जाणार कशी? त्रिंकासारखं कुणी त्या घरात राहून त्या हाताचं चित्र काढलं नाही.

आणीबाणीत धोका पत्करला तो कॅमेऱ्यानं. आनंद पटवर्धन यांनी बिहार आंदोलनावर केलेला माहितीपट चोरून दाखवला गेला आणि तुकडे करून परदेशी न्यावा लागला. अमृत नाहटांच्या 'किस्सा कुर्सी का'ची निगेटिव्ह आणि प्रिंट गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळल्या गेल्या. नाहटांनी तो १९७८ मध्ये पुन्हा केला. व्यंगचित्रकार गप्प नव्हते. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसून वटहुकमावर सही करताहेत, हे अबू अब्राहम यांचं डिसेंबर १९७५ चं चित्र आजही लोकांना पाठ आहे. ही वर्तमानपत्रातली रेष पडद्यावर हलती मात्र झाली नाही. पुढे मराठीत दडपशाहीवरचा सर्वांत खणखणीत चित्रपट झाला तो चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', आणि त्यात लोकशाहीर नारायण कांबळेचं काम केलं ते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. आयुष्य चळवळीत गेलेला देह शाहिराच्या रूपात कठड्यात उभा राहिला; म्हणूनच त्या न्यायालयातली कंटाळवाणी तारीख-पे-तारीख इतकी अंगावर येते.

तरीही काही गोष्टी कॅमेऱ्याच्या हातातून कायमच्या निसटल्या आहेत, आणि त्या आता चित्रकारांनी हातात घ्यायला हव्यात. १९७० च्या 'संस्कार' या कन्नड चित्रपटात चंद्रीचं काम करणाऱ्या स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीत, स्फोटांच्या कटाचा आरोप असलेल्या बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संशयावरून बंगळूरच्या तुरुंगात डांबलं. दम्याचा जुना विकार, उपचारांची हेळसांड, आणि अखेरपर्यंत आरोप सिद्ध झाला नाही. आठ महिन्यांनी पॅरोलवर सोडल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या गेल्या. त्यांचा चेहरा आपल्याकडे आहे, 'संस्कार'च्या प्रत्येक प्रिंटवर आहे. कोठडीतल्या महिन्यांचं एकही चित्र नाही. त्यांनी तुरुंगात लिहिलेली रोजनिशी तेवढी आहे. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत आज शेकडो तरुण परदेशी मालिकांसाठी दिवसाला ठरलेली सेकंदं हलवून देतात. हात तयार आहेत, तंत्र घरात आहे. त्या रोजनिशीवरून पाऊण तासाचा चित्रपट करायला दोन-तीन वर्षं आणि पंधरा-वीस माणसं पुरतील. आणीबाणीला पन्नास वर्षं होऊन गेली. त्या काळात तुरुंगात राहिलेल्या बायका-पुरुषांपैकी जे अजून आपल्यात आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांना कोठडीची भिंत कशी होती, दिवा कुठे होता, रात्री कुणाच्या खोकल्याचा आवाज यायचा, हे विचारायला अजून वेळ आहे.